पोथींतील मोठ्या संख्येची परीक्षा : भास्कराचार्यांचें एकसष्टाचें उदाहरण

(१)

वर्धा जिल्ह्यांतील देवळी येथें सांपडलेला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट संशोधकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं तो संपादून प्रसिद्ध केला. त्यांत काल शक ८६२, शार्वरी संवत्सर, असा दिलेला आहे. या दोन निर्देशांचा मेळ पहाण्याची रीत अगदीं सोपी आहे. दक्षिणेकडील गणनेप्रमाणें शकाच्या अंकांत १२ मिळवावे व येणाऱ्या ८७४ या संख्येस ६० नीं भागावें. बाकी ३४ उरते, आणि प्रभवापासून चौतिसावा संवत्सर शार्वरीच होय. शकाचा अंक वाचण्यांत एका वर्षाची जरी चूक झाली असती, तरी हा मेळ बसला ना. ताम्रपटाचा काल अशा रीतीनें स्वतःची साक्ष स्वतःच देतो. दुसऱ्या ताम्रपटाची वाट पहावी लागत नाहीं.

हीच कसोटी हस्तलिखित पोथ्यांतील मोठमोठ्या संख्यांस लावतां येते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शब्दाविषयीं पाठभेद पडला म्हणजे आपण अनेक प्रती ताडून पहातों. जुनी प्रत, शुद्ध प्रत, बहुतेक प्रतींचा पाठ, असा विचार करून निर्णय देतों. अंकाविषयीं पाठभेद पडला म्हणजेहि बहुधा हीच रीत चालविली जाते. आमचें म्हणणें असें कीं, गणिताच्या ग्रंथांत ती रीत गौण आहे. तेथें संख्येच्या अंगच्या गुणधर्मांस पहिला मान दिला पाहिजे. कारण दहा प्रतींनीं एकच चूक उतरून घेतली असली तरी ती चूकच रहाते, आणि एकाच जीर्ण प्रतींत खरा अंक टिकला असला तर तो गणितानें सिद्ध करतां येतो. याचें उत्तम उदाहरण भास्कराचार्यांच्या बीजगणितांत आहे.

(२)

बीजगणितांतील वर्गप्रकृति या प्रकरणाचा विषय असा : एका संख्येच्या वर्गास दिलेल्या अंकानें गुणून त्यांत १ मिळविला असतां बेरीज पूर्ण वर्ग यावी, अशी संख्या शोधावयाची. ज्या अंकानें गुणावयाचें त्यास प्रकृति, जिचा वर्ग गुणावयाचा त्या संख्येस कनिष्ठ, येणाऱ्या वर्गाच्या मूळास ज्येष्ठ, आणि जें मिळवावयाचें त्यास क्षेप अशा संज्ञा आहेत. अपूर्णांक चालत नाहींत. मूळें पूर्णांकच हवींत. प्रश्नाचें सर्व काठिण्य या अटींत आहे.

प्रकृति ६० घेतली तर कनिष्ठ ४ व ज्येष्ठ ३१ हें उत्तर तोंडीं निघतें : १६ गुणिले ६० म्हणजे ९६०, त्यांत १ मिळविला कीं ९६१, आणि हा ३१ चा वर्ग. प्रकृति ६२ घेतली तर कनिष्ठ ८ व ज्येष्ठ ६३. ६४ गुणिले ६२ म्हणजे ३९६८, आणि ३९६९ हा ६३ चा वर्ग. या दोहोंच्या मधोमध ६१ आहे. तिचें उत्तरहि असेंच लहान असेल असें कोणासहि वाटेल. परंतु लहानांत लहान उत्तर घेतलें तरी कनिष्ठ २२६१५३९८० व ज्येष्ठ १७६६३१९०४९ येतें. भास्कराचार्यांनीं ६७ व ६१ या दोन प्रकृतींचीं उदाहरणें एकाच श्लोकांत घातलीं आहेत. त्यांपैकीं ६७ चें उत्तर कनिष्ठ ५९६७ व ज्येष्ठ ४८८४२ असें आटोपशीर आहे. ६१ चें उत्तर मात्र नऊ व दहा अंकांवर जातें. बाईस कोटींच्या पुढची संख्या अटकळीनें सांपडत नाहीं. रीत हातीं असेल तरच ती हातीं येते. म्हणूनच हें उदाहरण निवडण्यांत आचार्यांचा हेतु स्पष्ट दिसतो.

पोथ्यांच्या दृष्टीनें येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. श्लोकांत प्रकृतीचे अंक शब्दांनीं सांगितले आहेत, त्यामुळें छंद त्यांचें रक्षण करतो. एकसष्टाचा एकाहत्तर केला तर वृत्त बिघडतें किंवा अर्थ तरी. परंतु उत्तर श्लोकांत नाहीं. तें खालच्या गद्य विवरणांत आंकड्यांनीं मांडलेलें असतें. तेथें छंदाचें कवच नाहीं. लेखकाच्या हातून १ चा ९ झाला, ३ चा ६ झाला किंवा एखादें शून्य गळलें, तर वाचणारास तें कळण्याचें बाह्य साधन कांहींच नसतें.

(३)

उत्तर कसें निघतें तें पाहिल्यावांचून त्याची परीक्षा कशी करावी हें कळणार नाहीं, म्हणून रीत थोडक्यांत देतों.

आरंभीं कनिष्ठ १ घ्यावें. ६१ ला जवळचा वर्ग ६४, म्हणून ज्येष्ठ ८ व क्षेप ३. आतां कुट्टकानें असा गुण शोधावा कीं त्यांत ८ मिळवून ३ नें भागिलें असतां निःशेष भाग जावा, आणि गुणाचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. असा गुण ७ येतो. ८ व ७ मिळून १५, त्यास ३ नें भागून नवें कनिष्ठ ५ झालें. ७ चा वर्ग ४९. तो ६१ मधून वजा जातां १२ राहिले, त्यांस पूर्वीच्या ३ या क्षेपानें भागून ४ आले. वर्ग प्रकृतीहून लहान असल्यामुळें हा क्षेप ऋण. ज्येष्ठ ३९. ताळा पहावा : ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गास ६१ नीं गुणून १५२५, अंतर ऋण ४ बरोबर आहे. क्षेप पुनः पुनः बदलीत चाकासारखें फिरावयाचें, म्हणून या रीतीस चक्रवाल म्हणतात.

क्षेप ४ आला म्हणजे पुढें ब्रह्मगुप्ताची भावना उपयोगी पडते. मूळांस २ नीं भागून पांच द्वितीयांश व एकोणचाळीस द्वितीयांश, क्षेप ऋण १. याची याच्याशींच भावना केली असतां कनिष्ठ १९५ द्वितीयांश, ज्येष्ठ १५२३ द्वितीयांश, क्षेप १. तिची पहिल्या मूळांशीं पुनः भावना करतां अपूर्णांक नाहींसे होऊन कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप ऋण १ येतो. शेवटीं या मूळांची त्यांच्याशींच भावना केली कीं इष्ट उत्तर मिळतें. सारें गणित एका पानावर मावतें.

पोथ्यांतून हीं मूळें क, ज्ये, क्षे अशा आद्याक्षरांनीं ओळीनें मांडलेलीं असतात, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर एक बिंदु दिलेला असतो. हा बिंदु फार महत्त्वाचा आहे. ४ वरील बिंदु गळला तर ऋण क्षेप धन होतो व पुढील सर्व मांडणी खोटी ठरते. शाईचा डाग समजून तो सोडून देणारा नकलनवीस, आणि कागदाचा दोष समजून तो छपाईंत गाळणारा संपादक, हे दोघेहि सारखेच दोषी होत. परंतु १५२१ व १५२५ यांचें अंतर ज्यानें एकदां काढलें, त्यास बिंदु होता कीं नव्हता याविषयीं संशय उरत नाहीं.

(४)

आतां १७६६३१९०४९ या संख्येकडे वळूं. परीक्षेचे तीन प्रकार सांगतों. पहिले दोन घाईच्या वेळचे, तिसरा निर्णायक.

पहिला नवांचा. अंकांची बेरीज ४६, तींतून ९ टाकीत गेल्यास शेष १. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६, शेष शून्य. शून्याचा वर्ग ६१ नीं गुणून १ मिळविला तर १. ज्येष्ठाच्या शेषाचा वर्गहि १. मेळ बसला. नवांची ही परीक्षा आपल्याकडे जुनी आहे. दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतांत ती आढळते. परंतु तिला दोन आंधळे डोळे आहेत. अंकांची अदलाबदल झाली किंवा शून्य गळलें तर बेरीज बदलत नाहीं. समजा, कोणी १७६६३१९०४९ च्या जागीं १७६६३९१०४९ लिहिलें. बेरीज ४६ च राहिली, चूक सुटून गेली.

दुसरा अकरांचा. नारायण पंडितानें गणितकौमुदींत (शक १२७८) ताळ्याकरितां नवांचेंच बंधन न ठेवतां इष्ट भाजक घेण्यास मोकळीक दिली आहे. तिचा लाभ घेऊन ११ हा भाजक घ्यावा. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवीत व वजा करीत गेल्यास खऱ्या संख्येंत शून्य उरतें. म्हणजे ज्येष्ठ मूळास ११ नीं निःशेष भाग जातो. वरील अदलाबदल झालेल्या संख्येंत ५ उरतात, आणि शून्य गळलेल्या १७६६३१९४९ या संख्येंत १० उरतात. नवांच्या डोळ्यांतून निसटलेल्या या दोन्ही चुका अकरांनीं धरल्या.

तिसरा प्रकार संख्येच्या घडणींतूनच निघतो. ज्येष्ठांतून १ वजा करून अर्धें करावें : ८८३१५९५२४. त्यांत १ मिळवून अर्धें करावें : ८८३१५९५२५. या दोन लागोपाठच्या संख्या आहेत. पहिली २९७१८ चा पूर्ण वर्ग आहे. दुसरीस ६१ नीं भागिलें असतां १४४७८०२५ येतात, आणि हा ३८०५ चा पूर्ण वर्ग आहे. शिवाय २९७१८ व ३८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट केली कीं २२६१५३९८० हें कनिष्ठ मूळ अचूक येतें. ज्या दोन मूळांपासून उत्तर जन्मास आलें तीं दोन्ही मूळें अशा रीतीनें उत्तराच्या पोटांत जशींच्या तशीं सांपडतात. कागद फाटून मधली ओळ गेली असली तरी ती यावरून पुनः भरून काढतां येते.

येथें कोणी शंका घेईल कीं, चुकीनें लिहिलेली दुसरी एखादी दहा अंकी संख्याहि या प्रश्नाचें उत्तर असूं शकेल. तसें होऊं शकत नाहीं. ६१ या प्रकृतीचें याच्या पुढचें ज्येष्ठ मूळ, क्षेप १ असतां, एकोणीस अंकी आहे. १ हें क्षुल्लक ज्येष्ठ सोडलें तर १७६६३१९०४९ च्या खालीं एकहि नाहीं, आणि तिच्यानंतर एकोणीस अंकांपर्यंत दुसरें नाहीं. एवढ्या मोठ्या पोकळींत ही एकच संख्या उभी आहे. म्हणून ज्या प्रतींत हिच्याहून वेगळा दहा अंकी आंकडा असेल ती प्रत त्या स्थळीं अशुद्ध आहे, असें इतर प्रती न पहातां सांगतां येतें.

(५)

परंतु परीक्षा एवढ्यावरच थांबवूं नये. चूक आहे हें कळल्यावर ती कोणाची, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाचा आहे. नकलनवीसाची चूक आणि गणकाची चूक यांत भेद आहे. नकलनवीस अंक केवळ उतरून घेतो. त्याची चूक जेथें झाली तेथेंच रहाते, पुढच्या ओळी शुद्ध असतात. गणक मात्र चुकलेला अंक हातीं घेऊन पुढें गणित करतो. म्हणून त्याची चूक ओळीमागून ओळ वाढत जाते.

उदाहरणार्थ, मधल्या पायरींतील १५२३ च्या जागीं १५३२ लिहिलेलें आढळलें असें समजूं. त्यानंतर ३८०५ शुद्ध असेल, तर लिहिणारानें गणित केलें नाहीं, उतरून घेतलें, हें सिद्ध झालें. गणित करणारास १५३२ घेऊन पुढें जातांच आलें नसतें. कारण १९५ गुणिले ३९ व १५३२ गुणिले ५ यांची बेरीज १५२६५ होते, आणि तिला ४ नीं निःशेष भाग जात नाहीं. तो तेथेंच अडला असता व मागें वळून पहाता. एवढ्या एका अंकावरून ती पोथी पाठशाळेंतील अभ्यासकाची कीं वेतनावर लिहिणाऱ्या लेखकाची, याचा अंदाज करतां येतो. तसेंच, दोन प्रतींत एकच विचित्र चूक एकाच जागीं असेल तर त्या एकाच मूळ प्रतीच्या संतति होत, असा तर्क करण्यास जागा मिळते.

यावरून एक पथ्य निघतें. गणितानें खरा अंक कळला म्हणून पोथींतला खोटा अंक पुसून खरा छापूं नये. पोथींत जें आहे तें जसेंच्या तसें द्यावें, आणि शुद्ध अंक टीपेंत दाखवावा. संपादकानें मुकाट्यानें केलेली दुरुस्ती म्हणजे पुराव्याचा नाश होय. शुद्ध अंक गणितानें केव्हांहि मिळतो; अशुद्ध अंक एकदां गेला कीं परत मिळत नाहीं.

(६)

या संख्येची परंपरा आपल्या प्रांतांत कशी चालत आली, हेंहि पहाण्यासारखें आहे. भास्कराचार्यांचा जन्म शक १०३६ मधला, सिद्धांतशिरोमणि त्यांनीं छत्तिसाव्या वर्षीं, शक १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचला. चाळीसगांवाजवळील पाटण येथील शक ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. आचार्यांचा नातू चंगदेव यानें त्यांचे ग्रंथ शिकविण्याकरितां मठ स्थापिला व निकुंभ वंशांतील राजा सोइदेव आणि त्याचा बंधु हेमाडिदेव यांनीं त्यास नेमणूक करून दिली, असें त्या लेखावरून कळतें. लेखाचा कांहीं भाग मराठींत आहे. तेव्हां ग्रंथरचनेनंतर अर्धशतक लोटल्यावरहि या अंकांचें पठन खानदेशांत चालू होतें असें मानण्यास आधार आहे.

विदर्भाचा संबंध तर याहून निकटचा आहे. बीजगणितावर उपपत्तीसह विस्तृत टीका लिहिणारा कृष्ण दैवज्ञ हा मूळ वऱ्हाडच्या घराण्यांतला. पयोष्णीच्या तीरावरील दधिग्राम हें या घराण्याचें मूळ गांव, आणि त्याचा पिता बल्लाळ हा तेथून काशीस गेला, असें त्या कुळांतील ग्रंथकारांनींच नमूद केलें आहे. सूर्यसिद्धांताचा टीकाकार रंगनाथ हा कृष्णाचा भाऊ, आणि सिद्धांतसार्वभौमाचा कर्ता मुनीश्वर हा रंगनाथाचा पुत्र. कृष्णाची नवांकुर नांवाची ही टीका पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १९३० मध्यें छापली. कुट्टक काय, भावना काय, रीत दिली कीं तिची उपपत्ति द्यावयाचीच, हा त्याचा बाणा होता. अर्वाचीन काळांत काशीस नांवारूपास आलेले बापूदेव शास्त्री (जन्म इ. स. १८२१) यांनींहि लीलावती व बीजगणित यांचें अध्ययन नागपुरांत केलें. त्या वेळीं वर्धा जिल्हा नागपुराचाच भाग होता. तो वेगळा झाला इ. स. १८६२ मध्यें. या मुलखांत बीजगणिताच्या पोथ्या शिकविल्या जात होत्या, याचें हें एक गमक आहे.

(७)

युरोपांत हाच एकसष्टाचा प्रश्न फर्मा नामक फ्रेंच गणितीनें इ. स. १६५७ मध्यें आपल्या मित्रास घातला. त्याच्या जोडीस त्यानें १०९ ही प्रकृति दिली होती. तिचें ज्येष्ठ मूळ १५८०७०६७१९८६२४९, म्हणजे पंधरा अंकी आहे. भास्कराचार्यांनीं सोडविलेलें उदाहरण पांचशेंहून अधिक वर्षांनीं पुनः, कोणाचें कोणास ठाऊक नसतां, त्याच आंकड्यानिशीं उपस्थित झालें. यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. शंभराच्या आंतील प्रकृतींत सर्वांत मोठें उत्तर ६१ चेंच येतें. ज्यास कठीण उदाहरण हवें तो तेथेंच येऊन पोंचणार. इंग्लंडांत ब्राउंकर यानें रीत काढली. ऑयलर यानें भ्रमानें पेल याचें नांव या प्रश्नास दिलें व तेंच रूढ झालें. अशी मूळें प्रत्येक अवर्ग प्रकृतीस असतातच, ही गोष्ट अठराव्या शतकांत लाग्रांज यानें सिद्ध केली. हें श्रेय त्याचेंच आहे. आपल्याकडे रीत होती व ती कधीं अडली नाहीं. परंतु ती कधींच अडणार नाहीं याची सिद्धि आपल्या उपलब्ध ग्रंथांत नाहीं. कोलब्रुकचें बीजगणिताचें इंग्रजी भाषांतर इ. स. १८१७ मध्यें निघालें, तेव्हां युरोपीय पंडितांस या रीतीची चांगली ओळख झाली.

चक्रवाल ही आपली स्वतःची युक्ति आहे असें भास्कराचार्यांनीं म्हटलेलें नाहीं. पूर्वींचे लोक तिला या नांवानें ओळखतात, असेंच ते सांगतात. पुष्कळ काळपर्यंत हे पूर्वींचे लोक कोण, याचा पत्ता नव्हता. लघुभास्करीयावरील उदयदिवाकराच्या सुंदरी नामक टीकेंत (इ. स. १०७३) जयदेव नांवाच्या आचार्याचे या रीतीचे श्लोक उद्धृत केलेले आहेत. ही टीका पोथीरूपानेंच पडून होती. डॉ. कृपाशंकर शुक्ल यांनीं ते श्लोक इ. स. १९५४ मध्यें प्रसिद्ध केले, आणि चक्रवालाचा इतिहास निदान पाऊणशें वर्षें मागें गेला. जयदेवाचा मूळ ग्रंथ आजवर सांपडलेला नाहीं. टीकेंतले ते श्लोक गणिताचे म्हणून कोणी रुक्ष ठरविले असते, किंवा ती पोथी वाळवीस दिली असती, तर भास्कराचार्यांचें प्रामाणिक वाक्य निराधारच राहिलें असतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. बखर, सनद, वंशावळ यांचे रुमाल आपण जपतों, आणि आंकड्यांनीं भरलेलीं सुटीं पानें पंचांगाची रद्दी समजून बाजूस टाकतों. वर्धा, आर्वी, देवळी, हिंगणघाट या बाजूच्या जुन्या घरांतून असें एखादें पान हातीं आलें, तर त्यावर क, ज्ये, क्षे हीं अक्षरें आहेत काय तें पहावें. अंकांवरील बिंदु नीट न्याहाळावे. मोठी संख्या दिसल्यास ती चुकांसह जशीच्या तशी टिपून घ्यावी, आणि मग तिचे नव व अकरा टाकून पहावे. पान कोणाचें, कधींचें, हें कदाचित् कळणार नाहीं. परंतु त्यावरची संख्या खरी कीं खोटी, आणि लिहिणारा जाणता होता कीं नव्हता, एवढें ती संख्याच सांगेल.